चार्जिंगला लावलेला आवाज

शाळा सुटली की माझं शेवटचं काम ठरलेलं असे. मजल्यावरचे सगळे माइक गोळा करायचे आणि शिक्षकखोलीतल्या पेटीत चार्जिंगला लावायचे. गळ्यात अडकवायचे ते बिनतारी माइक. आमच्या चिया-यी शहरात त्यांना मधमाश्या म्हणतात. दिवसभर पोरांपुढे ओरडून घसा बसतो, म्हणून प्रत्येक शिक्षकाकडे एक असतेच.

माझ्या माइकचं काम मात्र जरा वेगळं होतं. वर्गात यु-निंग होती, नऊ वर्षांची, दोन्ही कानांना यंत्रं लावणारी. मी माइकमध्ये बोलले की शब्द थेट तिच्या यंत्रांत उतरायचे. माइक नसला तर समोर बसून, ओठ दिसतील असं बोलावं लागे. लांबून कितीही हाका मारा, तिला पत्ता नसायचा.

तो वर्ग आधी पंग बाईंचा. घशाच्या ऑपरेशनसाठी त्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी मी आले.

त्या दिवशी जानेवारीतलं मळभ होतं. यु-निंगची आई टर्कीभात विकायची गाडी आवरून साडेपाचला यायची, तोवर पोरगी वर्गातच बसे. मी माइक पेटीत बसवले. सात माइक, सात लाल दिवे. दारात आमचे शिपाई लुओ काका उभे होते.

"काय ओयांग बाई, मधमाश्या गेल्या का पोळ्यात?"

"गेल्या. आता राणीमाशी निघाली घरी."

"राणीसाहेब, वर मात्र जाऊ नका हं. तिसऱ्या मजल्याचा कठडा आज काढून नेलाय. नुसती दोरी बांधलीय."

मी वर्गात आले. यु-निंग भराभर लिहीत होती. मध्येच थांबायची, मान तिरकी करायची, पुन्हा लिहायची. शुद्धलेखन घालताना मुलं लिहितात ना, अगदी तसं.

मी तिच्यासमोर बसले. "काय लिहितेस गं?"

"बाई सांगतायत ते."

"कोण बाई?"

"पंग बाई." ती हसली. "त्यांचा घसा बरा झाला वाटतं. आता खरखर नाही येत."

कुणाचा तरी माइक चालू राहिला असणार, असं म्हणत मी शिक्षकखोलीत धावले. खोली रिकामी होती. सातही माइकची बटणं बंद. पण खोकल्याच्या गोळीचा थंड, कडवट वास सुटला होता... आणि तो पेटीतूनच येत होता.

परतले तर वर्गात कुणी नव्हतं. वही उघडी होती. शेवटची ओळ होती: 'आता सगळ्यांनी वर, आपल्या जुन्या वर्गात या.'

पंग बाईंच्या वेळचा जुना वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता.

जिना कसा चढले, आठवत नाही. व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, बंद वर्गाच्या दाराकडे तोंड करून यु-निंग उभी होती. तिथे पंग बाई मुलांची रांग लावायच्या, कठड्याला पाठ टेकवून. तिने मागे एक पाऊल टाकलं. थांबली, ऐकलं. मग आणखी एक. पाठीला दोरी लागली, तशी ती खाली वाकून दोरीपलीकडे जाऊ लागली.

"यु-निंग!" मी जीव तोडून ओरडले. तिने वळूनही पाहिलं नाही. माझा आवाज खाली पेटीत पडला होता, आणि तिच्या कानात दुसराच बोलत होता.

मी धावत जाऊन तिची बाही धरली तेव्हा तिची टाच अधांतरी होती. दोघी फरशीवर आपटलो. मी तिच्या कानांतली यंत्रं उपसून काढली. ती माझ्या मुठीत बारीक शिट्टी वाजवत राहिली. यु-निंग मात्र रागाने माझ्याकडे बघत होती.

"आता बाई ओरडतील ना!"

तिच्या आईला मी सगळं सांगितलं नाही. तिसरा मजला, कठडा, एवढंच. त्या बाईने पोरीला छातीशी धरलं, माझे हात हातांत घेतले आणि स्कूटर काढली. त्या दोघी फाटकाबाहेर गेल्यावर मी पंग बाईंच्या घरी फोन लावला. त्यांच्या यजमानांनी उचलला.

"मी शाळेतून ओयांग बोलतेय. पंग बाईंना जरा फोन देता?"



"तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? ऑपरेशनमध्ये तिचं स्वरयंत्रच काढलं हो. सप्टेंबरपासून तिच्या तोंडून एक शब्द निघालेला नाही... ऐकू येतं तिला. इथेच बसलीय, शेजारी."

पलीकडे कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

"थांबा, काहीतरी लिहितेय," ते म्हणाले आणि अडखळत वाचू लागले. "विचारतेय की... एकटी यु-निंगच का आली? बाकीची मुलं कुठे आहेत?"