उपाशी रोंको

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. मला गोष्टी रचता येत नाहीत. मी मासे साफ करणारी बाई आहे.

प्वेर्तो रिकोच्या दक्षिण किनाऱ्यावर, खारफुटीला लागून, पाण्यात रोवलेल्या खांबांवर आमचं घर आहे. गेल्या वर्षीच्या गुड फ्रायडेला पहाटे हे सुरू झालं.

आमच्याकडे त्या दिवशी कुणी समुद्रात उतरत नाही. उतरलं तर माणसाचा मासा होतो, अशी भीती लहानपणीच घालतात.

माझा भाऊ एफ्राइन हसायचा. "म्हणजे मी मासा झालो तर तूच माझं पोट फाडणार ना, नेरेइदा?"

इस्टरआधीचे उपासाचे दिवस. मटण चालत नाही, म्हणून सगळ्यांना मासेच हवे. गुरुवारी संध्याकाळी तो त्याचा जोडीदार विलोला घेऊन होडीतून प्रवाळांकडे गेला.

शुक्रवारी सकाळी विलो एकटाच परत आला...

"पहाटे जाळं फेकलं," तो म्हणाला. "खाली अडकलं. सोडवायला एफ्राइनने बुडी मारली. वर आलाच नाही."

माणसांनी दिवसभर शोधलं. काही मिळालं नाही.

मी रडत रडतच विलोने आणलेले रोंको साफ करायला बसले. हातांना दुसरं काही सुचेना. रोंको म्हणजे घोरणारा. घाबरला किंवा पाण्याबाहेर काढला की दात घासून घोरल्यासारखा आवाज करतो. दिवसभर हे मासे प्रवाळाला चिकटून असतात. दिवस मावळला की ठरलेल्या वाटेने समुद्रगवतात चरायला जातात आणि उजाडता उजाडता परततात. म्हणून पहाटेच्या रोंकोचं पोट खेकड्यांनी, किड्यांनी गच्च भरलेलं असतं.

पहिलं पोट उघडलं. रिकामं.

दुसरं... रिकामं.

एकूण एक मासा उपाशी!

माझं रडणं थांबलं. हे मासे पहाटेचे नव्हतेच. चरायला निघण्याआधी, आदल्या संध्याकाळीच पकडले होते.

मग रात्रभर माझा भाऊ कुठे होता?

मी सुरी हातात घेऊनच विलोकडे गेले.

"खोटं बोलतोस मेल्या! काय केलंस त्याचं?"

तो पांढराफटक पडला. "आईशप्पथ, पहाटेच पकडले. रात्री ते चरायला गेलेच नाहीत गं! सगळे दगडाला चिकटून होते. गवतात काहीतरी होतं... मी म्हटलं, परत फिरू. तो हसला."

"मासेसुद्धा उपास करतात होय रे?" माझा नवरा चागो माझ्यामागे येऊन उभा होता, तो म्हणाला. जमलेली माणसं हसली, पण विलोकडे बघायची नजर बदलली. त्या महिन्यातच तो गाव सोडून गेला.

मला मात्र झोप येईना. एफ्राइनला एक सवय होती. घराच्या पायऱ्या चढण्याआधी दोनदा खाकरायचा, मी आलोय हे कळावं म्हणून.

विलो गेला त्या संध्याकाळी घराखालून आवाज आला...

दोनदा.

"रोंको असेल," चागो म्हणाला.

मीही तेच म्हटलं. रोंकोंची वाट आमच्या घराखालूनच जाते.

वर्ष गेलं. यंदा गुड फ्रायडेला चागो जाळं घेऊन निघाला.

"अरे, आज नको. ऐक माझं."

"एक फेक टाकून येतो. तू काय म्हातारी झालीस का?"

रात्रभर तो माझ्या शेजारी झोपलेला होता. पहाटे अंधार असतानाच उठून गेला आणि कॉफी उकळेपर्यंत परत आला.

मी मासा घेतला. पोट उघडलं.

रिकामं.

दुसरं... तिसरं...

मी सुरी खाली ठेवली. म्हणजे विलो खरं बोलत होता? की मलाच काही कळत नाहीये?

तेवढ्यात पायऱ्यांपाशी कुणीतरी खाकरलं. दोनदा.

चागो होता. जाळं धुऊन वर येत होता.

"तू कधीपासून खाकरायला लागलास?"

"मी?" तो गोंधळला. "मी कुठे खाकरलो?"

कॉफी तशीच राहिली. दुपारी तळलेली केळी समोर ठेवली, त्याने ताट सरकवलं. "भूक नाही."

आता इस्टरही होऊन गेला. चागो दिवसा घास घेत नाही. कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसतो, डोळे टक्क उघडे. दिवस मावळायला लागला की उठून दाराशी जातो. हा माझाच नवरा आहे का, असं कधी कधी मनात येतं आणि मलाच माझी भीती वाटते.

मी दाराला कुलूप घालते. किल्ली उशाखाली ठेवते.

मग घराखालून आवाज येतो... दोनदा.

आणि आतून चागो तसाच खाकरून उत्तर देतो.