तळमजल्याची चढण

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने तळमजल्यावर घर घ्यावं, याची त्याच्या बायकोला कायम गंमत वाटत आली होती. "जगाला वर पोचवलं आणि आम्हाला ठेवलं जमिनीवर," असं ती आल्यागेल्याला सांगायची. त्याचं म्हणणं असं, की लिफ्टच्या पोटात काय काय असतं हे ज्याने पाहिलंय तो मुकाट जिना चढतो, आणि ज्याला जिन्याचा कंटाळा आहे तो तळमजल्यावर राहतो. त्याला जिन्याचा मनस्वी कंटाळा होता.

असा हा माणूस साठीला टेकला असताना हिमालयात चालत जायचं म्हणून हट्टाला पेटला.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे म्हणजे तरी कोण, तो आणि बायको. मुलगी एकच. लांब तंगड्यांमुळे तिला लहानपणापासून टोळ म्हणत, आणि तीही चारचौघांत बिनदिक्कत त्या नावाला ओ द्यायची. दोन वर्षांपूर्वी टोळ एका गटाबरोबर याच वाटेवर गेली होती. खालचे तळ हसतखेळत झाले. खिंड चढायच्या दिवशी धुकं उतरलं, आणि धुकं निवळलं तेव्हा टोळ गटात नव्हती. पुष्कळ शोधलं. टोपी मिळाली नाही, हातातली काठी मिळाली नाही. काहीच हाती न लागल्यामुळे काहीच संपलं नाही. तिच्या खोलीतली चादर बायको अजून बदलत असे.

मला ती खिंड एकदा बघायचीय, एवढंच तो म्हणायचा. खरं म्हणजे त्याला तिथे उभं राहून तिला हाक मारायची होती. ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती, कारण ती हसली असती तर चाललं असतं, रडली असती तर चाललं नसतं.

वर्षभर तयारी चालली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, डब्यांच्या फळीशेजारी नकाशा लागला. बुटांचा नवेपणा जावा म्हणून तो ते घालूनच भाजी आणायला जाई. कामावर गेला की पाठीवरच्या पिशवीत लिफ्टचे जुने सुटे भाग भरायचे आणि वरच्या मजल्यापर्यंत पायी जायचं, असा नेम त्याने धरला. "काका, लिफ्ट बंद आहे का? दुरुस्तीला कुणाला बोलावू?" असं हाताखालची मंडळी विचारायची. तो धापा टाकत हसायचा, कारण उत्तर द्यायला श्वास शिल्लक नसायचा.

गटाचा म्होरक्या तोच होता, टोळला घेऊन गेलेला. तो घरी येऊन नकाशापुढे उभा राहून सगळं समजावून सांगे. पहिला तळ नदीकाठी. दुसरा त्याच्या बराच वर, तिथे एक दिवस नुसती विश्रांती. मग शेवटचा तळ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खिंड. "उंची एकदम अंगावर घ्यायची नाही काका, हळूहळू पचवायची," तो म्हणायचा. जाताना त्याने आपलं एक जुनं मनगटी घड्याळ देऊन ठेवलं. हवेच्या दाबावरून ते उंची दाखवायचं. घरात त्यावर कधी साठ मीटर दिसे, कधी सत्तर. हवामान बदललं की आकडा थोडा इकडेतिकडे होतो, हे लिफ्टवाल्याने लगेच ताडलं. यंत्राच्या बाबतीत त्याला फसवणं सोपं नव्हतं.

निघायला थोडे दिवस उरले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला चालत्या पट्ट्यावर चालवलं, कागदावरच्या रेघा पाहिल्या, आणि चष्मा काढून ठेवला. "बागेत फिरा, बाजारात फिरा. तिथे नाही. तिथे तुमचं हृदय साथ देणार नाही," त्या म्हणाल्या. मग म्होरक्याला फोन केला. "काका, मी नाही नेऊ शकत. तुमच्या घरातलं एक माणूस मी आधीच..." आणि त्याने फोन ठेवून दिला.

गंमत बायकोची झाली. वर्षभर तिने त्याचं डोकं खाल्लं होतं, की या वयात ही थेरं कशाला. आता ती सुटकेचा श्वास टाकेल असं त्याला वाटलं होतं. बातमी ऐकून ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि हुंदके देऊन रडायला लागली. "मला वाटलं होतं, तुम्ही तरी जाऊन याल," ती म्हणाली. भरलेली पाठपिशवी कुणी उपसली नाही. ती दिवाणावर तशीच पडून राहिली.

ठरल्या दिवशी गट निघाला. चालायला लागण्याआधी म्होरक्याने शेवटच्या गावातून फोन केला, इथून पुढे रेंज नाही म्हणाला, आणि लाइन तुटली.

त्याच संध्याकाळी कामावरून येऊन तो घराच्या दारातून आत शिरला आणि त्याच्या कानांत दडे बसले. उंच इमारतींच्या वेगवान लिफ्टमध्ये बसतात तसे. त्याने गिळल्यासारखं केलं आणि कान मोकळे झाले. सर्दी येतेय, असं म्हणून त्याने वाफ घेतली. घरात गारवा जास्त होता, तेव्हा सर्दीचं बोलणं बायकोलाही पटलं.

दुसऱ्या दिवशी बटाट्यांचं प्रकरण झालं. बायको शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची, आणि बटाटा कच्चा राहणं हा तिच्या लेखी चारित्र्याचा प्रश्न होता. पातेल्यात पाणी रोजच्यापेक्षा लवकर खळखळलं, पण बटाटे काही केल्या शिजेनात. तिने सुरी खुपसून पाहिली, गॅस मोठा केला, बटाटेवाल्याचा उद्धार केला. शेवटी ती म्हणाली, "अहो, हे पाणी नुसतंच उकळतंय. तापत नाहीये."

तो फळीवरून बिस्किटं काढायला गेला. सगळे पुडे फुगून टम्म झाले होते. कागद ताणलेला, कोपरे ताठ, एकाला बोट लावलं तर तो फटकन फुटला. तो तसाच उभा राहिला. मग चपला अडकवून कोपऱ्यावरच्या दुकानात गेला, नवा पुडा घेतला, आणि हातात धरून परत आला. रस्त्यात पुडा मऊ होता. दाराशी मऊ होता. उंबरठा ओलांडला आणि त्याच्या बोटांखाली तो हळूहळू भरत गेला. तो बाहेर आला, पुडा सैल पडला. पुन्हा आत गेला, पुन्हा भरला. समोरच्या घरातला म्हातारा गॅलरीतून हे पाहत होता. "काही हरवलं का?" त्याने विचारलं. "नाही, नाही," असं म्हणून याने दार लावून घेतलं.

मग त्याने कपाटातून ते घड्याळ काढलं. आकडा पाहिला. नकाशापुढे जाऊन दुसऱ्या तळाशेजारी म्होरक्याने पेन्सिलीने लिहिलेला आकडा पाहिला. घड्याळात बिघाड असता तर आकडा कितीही चुकला असता. दोन्ही आकडे तंतोतंत जुळत होते.

त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? तळमजल्यावरचं घर चढतंय, आणि म्होरक्याच्या बेताप्रमाणे चढतंय? खिडकीतून पाहिलं तर रस्ता जिथल्या तिथे होता. रिक्षा जात होत्या, समोरची बाई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. फक्त त्यातला एकही आवाज काचेतून आत येत नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं स्वयंपाकघरात बसली होती. तिने कँटीनला रजा टाकली होती, का ते सांगितलं नव्हतं.

"घड्याळ बघितलंत?" ती म्हणाली. म्हणजे तिनेही बघितलं होतं.

"हो."

"आज हललं नाही."

"आज विश्रांतीचा दिवस आहे ना," तो म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो ते त्याला बोलल्यावर कळलं.

बायको उठून नकाशाजवळ गेली. तिने कधी नकाशाकडे नीट पाहिलं नव्हतं, वर्षभर पाठ फिरवूनच पोळ्या लाटल्या होत्या. आता तिने शेवटच्या तळावर बोट ठेवलं आणि ते खिंडीपर्यंत सरकवलं.

"आपण चार दिवस माझ्या ताईकडे जाऊन राहू," तो म्हणाला. जिना न चढताच त्याला धाप लागत होती, आणि छातीत डाव्या बाजूला काहीतरी बारीक दुखत होतं. "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तुला माहितीये."

"तुम्ही जा. खरंच जा, तुम्हाला हे झेपायचं नाही." तिचा आवाज रागाचा नव्हता. "मी कुठे जात नाही. दोन वर्षं मी त्या दाराकडे बघत बसलेय. आता दारच तिच्याकडे चाललंय, आणि मी बाहेर जाऊन बसू?"

तो गेला नाही. ताईला फोनसुद्धा केला नाही. मनातून त्याला फार हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची त्याला थोडी भीतीही वाटली.

पुढच्या दिवशी दोघांनी घरातले सगळे गरम कपडे काढले. नळाचं पाणी हाताला चावत होतं. अन्नावर वासना नव्हती, डोकं जड होतं, दोन वाक्यं बोलली की थांबावं लागत होतं. तरी बायकोने टोळच्या खोलीतली चादर बदलली आणि उशीला धुतलेला अभ्रा घातला. मग ती दिवाणावर त्याच्याजवळ येऊन बसली. कितीतरी महिन्यांनी तिने त्याचा हात हातात घेतला. त्या चार घटकांत ती दोघं जितकी सुखी होती, तितकी गेल्या दोन वर्षांत नव्हती.

खिंडीचा दिवस रविवारी आला.

सकाळी खिडकीत रस्ता नव्हता. काचेपर्यंत पांढरं धुकं होतं, आणि त्यातून येणारा उजेड इतका लख्ख की घरातली धूळसुद्धा दिसत होती.

तो खुर्चीत बसून होता, पाय जमिनीला टेकवून. तीस-पस्तीस वर्षं लिफ्टमध्ये उभं राहून त्याच्या तळपायांना एक गोष्ट पक्की समजत होती. लिफ्ट ठरल्या मजल्याला पोचली की एकदम थांबत नाही. आधी वेग उतरतो, मग ती जराशी खाली बसते.

घराचा वेग उतरला.

मग घर जरासं खाली बसलं. फळीवरचे डबे एकमेकांवर हलकेच वाजले.

"आलं," तो म्हणाला.

बायको ओट्यापाशी उभी होती. तिने पदराने तोंड पुसलं, केस कानामागे सारले.

बाहेर खडीवर पावलं वाजली. त्यांच्या दारापुढे खडी नव्हती, फरशी होती.

पावलं दाराशी थांबली.

"बाबा?"

आवाज तिचाच होता. सर्दीने बसलेला, थोडा थकलेला, पण तिचाच. वर्षभर मनात घोळवलेली हाक राहूनच गेली आणि तो नुसता "टोळ," एवढंच म्हणाला.

"किती वेळ लावलात," ती म्हणाली.

तो भिंत धरून दारापर्यंत गेला आणि त्याने कडीला हात लावला. लोखंड बोटांना चिकटलं.

"आत ये गं बाळा," बायको मागून म्हणाली. "बाहेर नको उभी राहूस."

बाहेर खडी पुन्हा वाजली.

"सगळ्यांना घेऊन येऊ?" टोळने विचारलं.

त्याने वळून बायकोकडे पाहिलं. तिने पातेलं गॅसवर ठेवलं होतं. तिचा चेहरा पाहुणे येणार असले की व्हायचा तसा झाला होता, लगबगीचा आणि आनंदी.

"किती जण आहेत विचारा तिला," ती म्हणाली. "चहा टाकते."

त्याने विचारलं नाही. विचारायची गरज पडली नाही. गटाने चालणारे लोक वाटेत थांबून माणसं मोजतात, ज्याने त्याने आपला आकडा म्हणायचा, तशी मोजणी बाहेर सुरू झाली.

"एक," एक जाड पुरुषी आवाज म्हणाला, अगदी दाराशी.

"दोन," एक बाई.

"तीन," कुणीतरी बरंच लांबून.

आवाज येत राहिले. काही तरुण होते, काहींना खोकला होता. काहींची आकडा म्हणायची धाटणी इतकी जुनी होती, की तशी आता कुणी बोलत नाही. कुणी चुकत नव्हतं. कुणी मध्ये थांबत नव्हतं.

पाणी कधीच खळखळायला लागलं होतं.

"एकेचाळीस," टोळ म्हणाली.

बाहेरची मोजणी तिथे संपली.

"बेचाळीस," बायको म्हणाली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही, ती पातेल्यात साखर घालत होती.

बाहेर सगळे थांबले. कुणी घाई केली नाही. पुढचा आकडा त्याला ठाऊक होता, आणि तो सांगावा असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं.