पाच फुटांखालची हवा

रेवती ताजणे जुईची झोप फोनमध्ये लिहून ठेवत असे. कधी झोपली, कधी उठली, मध्ये किती वेळा दचकली. नवरा प्रफुल दर शनिवारी नागपूरहून आला की फोन हातात घेऊन मोठ्याने वाचायचा, "दोन वाजून बारा मिनिटांनी फलाट क्रमांक एकवर येणारी झोप..." आणि स्वतःच हसायचा. रेवतीही हसायची, पण लिहिणं थांबवायची नाही. चौदा महिन्यांचं मूल स्वतःबद्दल काही सांगू शकत नाही, तेव्हा कुणीतरी लिहून ठेवायला हवं, असं तिला वाटे.

सप्टेंबरात जुई दुपारी पाऊण तास झोपायची. जानेवारीत ती तीन तास झोपू लागली होती.

"नशीब लागते बाई," शेजारची पद्मा म्हणाली. तिचा किट्टू जुईपेक्षा चार महिन्यांनी मोठा. "आमचाही आता गप झोपून राहते. मले तर दुपारी सिरियल पाहाले भेटते."

डॉक्टरांनी जुईचं वजन केलं, छाती तपासली आणि वाढीच्या वयात असं होतं म्हणून सांगितलं. रेवतीने मान डोलावली. मग जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सलग तीन दिवस आभाळ भरून राहिलं. त्या तिन्ही दिवशी जुई चाळीस मिनिटांत उठली, रडली, ताटली फेकली, आजोबांचा चष्मा ओढला. चौथ्या दिवशी ऊन पडलं आणि ती पुन्हा तीन तास झोपली.

रेवतीने ऑफिसचा लॅपटॉप उघडला.

मांडवगावची भूमिगत कोळसा खाण बंद होऊन बारा वर्षं झाली होती. दसऱ्याला तिच्यातच देशातलं सर्वांत मोठं दाबहवा केंद्र सुरू झालं. दिवसा माळावरच्या सौर पट्ट्यांतून गरजेपेक्षा जास्त वीज येई. त्या विजेवर प्रचंड पंप चालत आणि दीडशे मीटर खोल, काँक्रीटचं अस्तर लावलेल्या बोगद्यांत हवा कोंबत. सायकलच्या चाकात असतो त्याच्या दहापट दाब. सूर्य मावळला की तीच हवा चक्रांवर सोडायची, चक्रं फिरायची आणि चार तालुके उजळायचे. कागदोपत्री नाव लांबलचक होतं, पण कॉलनीत सगळे त्याला 'भाता' म्हणत. लोहाराचा भाता जसा फुगतो आणि रिकामा होतो, तसाच हा. दुपारी चारच्या सुमाराला भाता पूर्ण फुगलेला असे. तेव्हा कॉलनीतले काही दरवाजे चौकटीत किंचित घट्ट बसत आणि संध्याकाळी मोकळे होत. पहिल्या आठवड्यात लोकांना त्याचं नवल वाटलं होतं, मग सवय झाली.

भात्याच्या दाबाचा आलेख रेवतीला रोज दिसे, कारण ती केंद्राच्या गळती विभागात होती. उपकरणशास्त्रातली पदवी, आणि बाळंतपणानंतर आठवड्यातून तीन दिवस काम. तिने त्या आलेखाशेजारी जुईच्या झोपेचे आकडे मांडले. दाब चढेल तसं पोर झोपत होतं. ढगाळ दिवशी दाबही नव्हता आणि झोपही नव्हती.

तिने भिंतीकडे पाहिलं. कॉलनीच्या तीनशे बारा घरांत बसवलेला प्राणवायू-मापक तिच्याही घरी होता. लोक त्याला 'हिरवी डबी' म्हणत. दिवा हिरवा होता. आकडा वीस पूर्णांक आठ, जसा मोकळ्या हवेत असतो तसाच.

"मामाजी," तिने सासऱ्यांना विचारलं, "तुम्ही खाणीत होतात तेव्हा हवा वाईट आहे हे कसं कळायचं?"

विठोबा ताजणे एकतीस वर्षं त्याच खाणीत उतरले होते. ते दारात उन्हाला पाठ देऊन शेंगा सोलत बसले होते. दार थंडीमुळे अर्धंच उघडं.

"दिव्यानं," ते म्हणाले. "डबा खाले बसाच्या आदी दिवा भुईवर ठेवाचा. जोत नीट जळली का मंग बसाचं. नवीन पोट्टे हासत. एकदा एक जण तसाच बसला, भाकर हातात घेऊन झोपूनच गेला. आमी वढून काढला म्हणून वाचला."

"पण उभ्याने तर सगळे ठीक होते ना?"

"उभ्या माणसाले हवा भेटते व. बसणाऱ्याले भेटते का नाई, थे इचारा लागते." त्यांनी शेंग तोंडात टाकली. "कोळसा चांगली हवा पिऊन टाकते, मांगं उरते थे मेली हवा. जड असते. पाण्यासारखी खाली जमते."

रेवतीने स्वयंपाकघरातून पेचकस आणला, डबीचे चार स्क्रू काढले. डबी तिने आतल्या खोलीत नेली, जिथे थंडीमुळे खिडकी बंद होती, पंखा बंद होता आणि जमिनीवरच्या गादीवर जुई तोंड किंचित उघडं ठेवून झोपली होती. कमरेच्या उंचीवर आकडा वीस पूर्णांक पाच झाला. गुडघ्याशी एकोणीस पूर्णांक एक. रेवती खाली वाकली आणि डबी उशीशेजारी ठेवली.

सोळा पूर्णांक आठ. दिवा लाल झाला आणि डबी किंचाळू लागली.

जुई हलली नाही.

रेवतीने तिला उचललं आणि धावत अंगणात नेलं. पाठीवर थापट्या मारल्या, कानाशी हाका मारल्या. जुईच्या ओठांच्या कडा फिकट होत्या. बऱ्याच वेळाने, निदान रेवतीला तसं वाटलं, तिने डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि कंटाळल्यासारखं तोंड फिरवलं. विठोबा शेंगांची परात पालथी करून उठले होते. त्यांनी नातीला जवळ घेतलं, आतल्या खोलीच्या अंधाराकडे बघितलं आणि इतकंच म्हणाले, "मेली हवा वर आली. घरापावतर आली."

फोन वाजला. नियंत्रण कक्षातून कुणीतरी विचारत होतं, "ताजणे मॅडम, तुमच्या घरची डबी पडली काय? उघडल्याचा इशारा आला."

"पडली नाही. मी खाली ठेवली. आकडा नोंदवा."

"मॅडम, पण ठरलेल्या उंचीवर नसेल तर नोंद धरता येत नाही."

ठरलेली उंची पाच फूट होती. प्रौढ माणसाच्या नाकाची उंची. तपासणीच्या नियमावलीत तो आकडा रेवतीनेच घातला होता, दोन वर्षांपूर्वी, भिंतीला पाठ लावून, सहकाऱ्याकडून स्वतःच्या नाकाशी पेन्सिलीची खूण करून घेऊन. तेव्हा गुडघ्याखाली राहणारं कुणी तिच्या आयुष्यात नव्हतं.

नियमावलीत आणखी एक कलम होतं, तेही तिला पाठ होतं. एका वेळी तीन घरांत प्राणवायू घसरला, तर गळती विभागातला कुणीही कर्मचारी वरिष्ठांना न विचारता भात्याचा दाब उतरवू शकतो. त्या कलमात उंचीचा उल्लेख नव्हता. आता पावणेपाच झाले होते. तिच्याकडे एकच घर होतं.

ती पद्माकडे गेली. पद्माचं लक्ष टीव्हीत होतं.

"डबी काढाची? अन् कंपनीनं फुकटची लाईट कापली मंग?"

"पद्मा, किट्टू कुठंय?"

"आत झोपला. काऊन?"

रेवती थेट आत गेली. किट्टू चटईवर पालथा पडला होता. तिने डबी भिंतीवरून ओरबाडून काढली, स्क्रू तुटले. जमिनीवर ठेवताच ती ओरडली. पद्माने पोराला छातीशी धरलं आणि बाहेर पळाली, मग अंगणातून वळून म्हणाली, "एवढ्या उंच कोनं लावली बे ही? कोनाच्या डोक्यातून निघालं हे?"

"माझ्या," रेवती म्हणाली.

पद्मा किट्टूला कडेवर नीट घेऊन तिसऱ्या घराचं दार बडवायला स्वतःच पुढे निघाली. "ओ काकू, दार उघडा! लेकरू उचला आदी, मंग बोला!"

तिसऱ्या घराचा आकडा सतरा होता.

देवतळे साहेबांनी फोन लगेच उचलला. गळती विभागाचे प्रमुख, सभ्य माणूस. रेवतीच्या बाळंतपणात घरून खिचडी पाठवणारे.

"अगं, पण भाता गळत नाहीये," ते म्हणाले. "दाबाचा हिशेब चोख आहे."

"गळत नाहीच, सर. अस्तरातून अगदी थोडी हवा झिरपते, ती आपण नगण्य धरली. पण ती शेजारच्या जुन्या, न भरलेल्या पोकळीत जाते आणि तिथली शिळी हवा जमिनीतल्या भेगांतून वर रेटते. आपण आपली हवा मोजली, सर. तिच्या पुढे ढकलली जाणारी मोजलीच नाही."

ते हळू आवाजात म्हणाले, "आत्ता हवा नुसतीच सोडून दाब उतरवला तर रात्री चार तालुके अंधारात जातील. जुना औष्णिक संच तर मोडीत काढलाय. दवाखाने आहेत, परीक्षा आहेत. एक तास दे. सहा वाजता हवा चक्रांवर सोडतोच आहोत, आपोआप कमी होईल."

तो तास मागणारा माणूस वाईट नव्हता, म्हणूनच रेवतीला त्याचा राग येईना. भात्यामुळे राखेचे ढग गेले होते. दोरीवरचे कपडे पांढरे राहत होते. तिने समोर पाहिलं. गल्लीत बायका झोपलेली पोरं खांद्यावर टाकून उभ्या होत्या, आणि अजून निम्म्या घरांची दारं बंदच होती.

"तीन घरं झाली, सर," ती म्हणाली. "मी कलम वापरतेय."

चार तालुक्यांत अडीच तास वीज गेली. लोकांनी केंद्राच्या नावाने शिव्या दिल्या. कुणीतरी तिचाही नंबर शोधून काढला. एका अनोळखी बाईने विचारलं, "तुमच्या एका लेकरासाठी आमच्या आईचं ऑपरेशन थांबलं, माहीत आहे काय?" ऑपरेशन पुढे जनित्रावर नीट पार पडलं, हे रेवतीला दोन दिवसांनी कळलं.

पुढच्या आठवड्यात भाता निम्म्याहून कमी दाबाने चालू लागला. कंपनीने माफी मागितली नाही, पण एक ट्रक पाठवला. त्यात तीनशे लोखंडी खाटा होत्या, प्रत्येकी दीड फूट उंच. बायकांनी त्या हौसेने उतरवून घेतल्या. खाटांबरोबर देवतळे साहेबांनी सुधारित नियमावलीचा कागद रेवतीकडे पाठवला होता. मापकाच्या उंचीची जागा कोरी होती.

"अठरा इंच लिही," ते फोनवर म्हणाले. "खाटेच्या पातळीला हवा ठीक आहे, मी स्वतः मोजलंय. उन्हाळ्यापर्यंत पूर्ण दाब पुन्हा सुरू करता येईल. भेगा बुजवायचं काम चालू राहील, वर्ष दीड वर्ष लागेल त्याला."

"आणि मूल खाटेवरून उतरलं तर, सर?"

"तेवढं लक्ष आई ठेवेलच की."

रेवतीने जुईकडे पाहिलं. ती खाटेखाली घुसून एक वाटी फरशीवर आपटत होती. रेवतीने पट्टी घेतली, जुई पोटावर आडवी पडल्यावर फरशीपासून तिच्या नाकापर्यंतचं अंतर मोजलं, आणि कागदावर लिहिलं: चार इंच. खाली सही केली.

"चार इंचावर उन्हाची एकही दुपार हिरवी राहणार नाही," देवतळे साहेब म्हणाले.

"नाही राहणार," ती म्हणाली.

कागद वर गेला. तो मंजूर होईल की तिच्याऐवजी दुसऱ्या कुणाची सही घेतली जाईल, हे तिला कुणी सांगितलं नाही. डॉक्टरांना तिने फक्त एकच प्रश्न विचारला: ते तीन महिने? डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "जुई ठीक दिसतेय. इतकी लहान मुलं, इतके दिवस, अशी नोंद कुठे झालेलीच नाही हो. बघत राहू. शाळेत जायला लागली की कळेल."

रेवतीने फोनमध्ये नवीन पान उघडलं. आता ती झोप लिहीत नव्हती. हाक मारल्यावर किती वेळात वळते, वाटी कुठे ठेवली हे आठवतं का, आजोबांना ओळखून हसते का, हे लिहीत होती.

शुक्रवारी दुपारी चार वाजता जुई दात येत असल्यामुळे किरकिर करत होती. समोरच्या घरात कुणीतरी भोकाड पसरलं, त्याला पलीकडून दुसऱ्याने साथ दिली. विठोबा कान झाकत म्हणाले, "काय बाप्पा हा बाजार!" आणि तेवढ्याच समाधानाने नातीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालू लागले.

पद्मा दारात येऊन उभी होती. त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच आली होती. किट्टू तिच्या कडेवर होता, जागा, डोळे उघडे, हात नीट मांडीवर ठेवलेले. गल्लीतल्या रडण्याकडे त्याचं लक्ष नव्हतं, जुईकडेही नव्हतं.

"झोपत नाही आता हा," पद्मा म्हणाली. "सकाळपासून जागाच आहे. पडला, डोक्शाले लागलं, तरी रडला नाही. चार दिवस झाले, एकदाही रडला नाही."

तिने त्याला रेवतीकडे सरकवलं. किट्टू कुरकुर न करता आला.

"शहाणा झाला म्हणते आमची सासू," पद्मा म्हणाली. "रेवती, तू शिकलेली आहेस. सांग ना. रडाले पाहिजे ना तो?"