समोरच्या घराच्या एकोणीस खिडक्या

चित्रांच्या चौकटी करणारी चौकटवाली दुपारचं जेवण उरकलं की एक काच जुन्या चादरीत गुंडाळायची, काखेत घ्यायची आणि गल्ली ओलांडून समोरच्या घरात शिरायची. बारा दिवस तिचा हाच उद्योग चालला होता. गल्ली ती केवढी, वीस पावलांची. पण काच घेऊन निघालेल्या बाईला वीस पावलंही जपून टाकावी लागतात. मध्येच कोणी हाक मारली तर ती थांबायचीसुद्धा नाही. "डोळे फुटले का? हातात काच आहे!" एवढं म्हणायची नि पुढे जायची. गल्लीत सगळे तिला मावशी म्हणायचे आणि सगळे तिला टरकून असायचे.

शहराच्या ऐन मध्यातली ती गल्ली चित्रकारांची नि कारागिरांची. एके काळी तिथे खोलीखोलीत कोणी ना कोणी ठोकत, घासत, रंगवत, गात असायचं. आता मोजून सात जण उरले होते. समोरचं तीन मजली, एकोणीस खोल्यांचं घर तर पार ओस पडलेलं. नगरपालिकेने नोटीस लावली होती की इथे माणसं राहत नाहीत, सबब सगळं पाडणार. सात जणांनी आरडाओरडा केला, सह्या गोळा केल्या, पालिकेच्या पायऱ्यांवर बसून चित्रं काढली. शेवटी पालिका म्हणाली, आमचा साहेब येईल, खोल्याखोल्यांत फिरून माणसं मोजेल. निम्म्या खोल्या भरलेल्या निघाल्या तर गल्ली राहील. महिन्याने पुन्हा येऊन खात्री करेल.

निम्म्या! सात डोकी कुठे आणि निम्म्या खोल्या कुठे.

चौकटवालीची लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. ती येऊन म्हणाली, "आई, पाडू दे की गं. माझ्याकडे एक खोली नुसती पडून आहे."

"तुझ्या खोलीत मला खिळे ठोकू देशील?"

"भिंतीत?"

"बघ, आत्ताच तोंड वाकडं झालं."

"तसं नाही गं..."

"तीस वर्षं मी इथे पट्ट्या कापतेय. सरसाचा वास नाकात गेला नाही तर मला दिवस उगवल्यासारखा वाटत नाही. तुझा बाप या पाटावरून उठला तो थेट दवाखान्यात गेला. मी उठणार नाही. नेणार असतील तर मला पाटासकट उचलून नेऊ देत."

आईच्या पुढे बोलून कोणाचं भलं झालं होतं?

समोरच्या घराची कल्पना उलटेकाकांची. हा म्हातारा काचेच्या मागच्या बाजूने चित्रं काढायचा, म्हणून त्याचं हे नाव पडलं. साधा चित्रकार आधी चेहरा रंगवतो नि शेवटी डोळ्यातला ठिपका देतो. उलटेकाका आधी ठिपका देणार, मग डोळा, मग चेहरा, मग अंगरखा. सगळं उलट्या क्रमाने. आणि सरतेशेवटी मागून दाट काळ्या रंगाचा हात. मग काच फिरवली की पुढून माणूस उभा.

"गल्लीत जे राहून गेले त्यांना खिडक्यांत उभं करू," काका म्हणाले. "एकोणीस खिडक्या, एकोणीस माणसं. साहेबाला फसवायचं नाही. लाजवायचं."

पुस्तकं बांधणारा, ढोलाला कातडं चढवणारा, मुखवटेवाली, नाचाच्या बाई, एकेक जण काचेवर उतरत गेला. कोण दुसऱ्या गावी गेलेलं, कोण कायमचं गेलेलं. ते कोणी विचारलं नाही. काका रंगवायचे आणि चौकटवाली काच बसवायची. बसवायचं काम आतून. ओसाड खोलीत एकटी उभी राहून ती कडेने पुट्टी दाबायची. तिच्या बाजूला नुसती काळी पाटी. बाहेर गल्लीत येऊन वर पाहिलं की मुखवटेवाली हसताना दिसायची.

एकोणिसावी खिडकी दुसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यातली, नेमकी तिच्या दुकानासमोरची. ती म्हणाली, "तिथे आमच्या ह्यांना काढा."

काका जरा वेळ ब्रश धूत राहिले. "नक्की ना? रोज समोर दिसेल."

"अकरा वर्षं दिसला नाही, तेव्हा कोणी विचारलं का, नक्की ना?"

काकांनी त्याला काढलं. कानावर पेन्सिल, एक भुवई वर. हुबेहूब.

आणि त्याच दिवशी निरोप आला की साहेब शुक्रवारी नाही, उद्याच येतोय. बारा काचा बसल्या होत्या. सात राहिल्या होत्या, आणि त्या सातांवर काळा हात चढला नव्हता. तो वाळायला दोन दिवस लागतात.

"मग सात खिडक्या रिकाम्या राहतील," काका म्हणाले.

"राहतील कशा? अशाच बसवते. काळ्याची गरज काय?"

"नाही. काळा हात दिल्याशिवाय काच बसवायची नाही. माझ्या गुरूने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. काच दोन्हीकडून उघडी राहते. मग कोण कुठल्या बाजूचं, ते ठरत नाही. पुढचं मागे होतं, मागचं पुढे."

"तुमचा गुरू येणारे का उद्या गल्ली वाचवायला? द्या इकडे!"

काकांनी काचा पुढे सरकवल्या. संध्याकाळच्या आत तिने सातही काचा बसवल्या. शिवाय तिला वाटलं, आधीच्या बारांमागचा काळा तरी कशाला ठेवायचा? मागून ऊन आलं तर माणसं कशी जिवंत दिसतील! पाटीवरचा ओलसर काळा तिने फडक्याने पुसून काढला, वाळला होता तिथे पात्याने हळू खरवडला. उतरतं ऊन घरातून आरपार गेलं आणि एकोणीस चेहरे उजळले. गल्लीतले लोक मान वर करून बघतच राहिले. कोणीतरी म्हणालं, "श्वास घेतायत गं." काका तेवढे घरात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी धुकं पडलं. अकरा वाजले तरी हटेना. गल्लीची टोकं दिसेनाशी झाली. मधला तुकडा तेवढा कापसात ठेवलेल्या भांड्यासारखा उरला. आवाजही गुंडाळल्यासारखे येत होते. साहेब आला तो धुक्यातूनच, काखेत वही, हातात पेन्सिल. सभ्य, पातळ केसांचा, पायातल्या बुटांचा आवाज न करणारा माणूस. सातही जण गोळा झाले. कोणी काही सांगायच्या आत तो समोरच्या घरात शिरला.

पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला.

"काय मोजतोय हा? पाली?" चौकटवाली म्हणाली.

मग आतून ढोलावर थाप पडल्यासारखं वाटलं. एकदाच. आणि गरम सरसाचा वास आला. तिचं सरसाचं भांडं तर सकाळपासून थंड होतं.

साहेब बाहेर आला तो वही मिटतच. "एकोणीस," तो म्हणाला. "आणि सगळे कामात. नाचाच्या बाईंनी मला दारातच थांबवलं हो, मुलींची एक फेरी पुरी होईपर्यंत. मी म्हटलं, जरूर. आम्हाला कागदावर काही वेगळंच सांगितलं होतं."

उलटेकाकांनी मान वर करून खिडक्यांकडे पाहिलं.

"कोपऱ्यात ते फ्रेमवाले आहेत ना, भला माणूस. माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं, तर त्यांनी पटाशीने काढून दिलं." त्याने पेन्सिल पुढे धरली. टोक लांबट, चपटं, एका बाजूला तिरकं.

चौकटवालीने ते टोक ओळखलं. असं टोक एकच हात काढायचा. ती नेहमी ओरडायची, असलं कसलं टोक काढता, रेघ जाड येते.

साहेब आता अलीकडच्या बाजूला वळला आणि पहिल्यांदा तिच्याच दुकानात शिरला. ती मागोमाग धावली. "या साहेब, बसा. तीस वर्षांचं दुकान आहे. चहा टाकू?"

तो उत्तर देईना. पाटावरून त्याने बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, ते रुमालाला पुसलं. सकाळीच तर तिने पाट झाडला होता!

"साहेब, मी बोलतेय."

त्याने वही उघडली. ती त्याच्या खांद्यावरून वाकली. शाळा तिची चौथीपर्यंतच, पण एवढं वाचायला चौथी पुष्कळ झाली. त्याने लिहिलं होतं... दुकान. रिकामं. बऱ्याच काळापासून वापर नाही.

"अरे ए! डोळे गहाण टाकलेस का? ही मी उभी आहे ना!" तिने त्याची बाही धरली. त्याने दंड चोळला, वाऱ्याची झुळूक लागावी तसा, आणि बाहेर जाऊन दार लोटून घेतलं. अगदी हळू. रिकाम्या खोलीचं दार माणूस असंच लावतो.

उरलेल्या खोल्या बघून झाल्यावर बाहेर तो काय बोलला ते तिला दारातून ऐकू आलं. "निम्म्याहून जास्त खोल्या भरलेल्या आहेत. गल्ली राहील. महिन्याने एक फेरी मारेन, तेव्हाही एवढीच माणसं असली की कायमचं झालं."

मग एकच गलका झाला. कोणी रडलं, कोणी थाळीवर ब्रश बडवला. ती धावत मध्ये गेली. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते आणि तिच्या अंगावरून हात घसरत जात होते. उलटेकाका तेवढे इकडेतिकडे बघत होते. त्यांची नजर तिच्यावर आली, किंचित बाजूला सरकली, आणि पुढे गेली.

"मावशी कुठे गेली?" काका म्हणाले. "आत्ता इथे होती..."

तेव्हा तिला कळलं. जे करायचं ते तिलाच करायला हवं होतं. काकांच्या खोलीतून तिने काळ्या रंगाचा डबा उचलला, रुंद ब्रश उचलला आणि समोरच्या घराचा जिना चढली. दोन दिवसांत वाळेल. वाळला की बाजू ठरतील. ही माणसं काचेवर जातील, ती तिच्या पाटावर येईल. आणि महिन्याने साहेब येईल तेव्हा एकोणीस खोल्या रिकाम्या असतील. हे तिला जिन्याच्या मधल्या वळणावर सुचलं. तरी ती चढत राहिली.

आतमध्ये धुकं नव्हतं. पिवळट, कोवळा उजेड होता, आजारातून उठल्यावर पहिल्या सकाळी दिसतो तसा. पहिल्या खोलीत ढोलवाला उभा होता, तिच्याकडे पाठ करून. मानेवरचे केस, सदऱ्याची सुटलेली शिवण, सगळं होतं. हे मागचं काकांनी कधी काढलं होतं? दुसऱ्या खोलीत मुखवटेवालीची पाठ. वेणीला सुतळी बांधलेली. कोणी वळलं नाही. ती पाय न वाजवता कोपऱ्यातल्या खोलीत गेली.

रंधा चालत होता. लाकडाच्या ढलप्या हळूहळू खाली पडत होत्या. त्याचा डावा खांदा नेहमीसारखा वर. सदऱ्याला पाठीवर ठिगळ, निळ्यावर हिरव्या दोऱ्याने घातलेलं. त्या दिवशी निळा दोरा संपला होता. हे तिच्याशिवाय जगात कोणाला ठाऊक नव्हतं.

तिने डबा उघडला. ब्रश बुडवला.

"दुकान उघडं टाकून आलीस?" तो म्हणाला. न वळता.

अकरा वर्षांनी माणूस बोलतो आणि हे बोलतो! तिला हसू आलं. "लोटून आलेय," ती म्हणाली. "तुम्हाला काय करायचंय?"

"नाही, काळ्याचा वास आला... म्हणून म्हटलं."

"आला तर आला."

"देणार आहेस का हात?"

त्याच्या खांद्यावरून तिला खालची गल्ली दिसत होती. धुक्यात पाच माणसं हातात हात घेऊन गोल उभी होती, शाळेतल्या पोरांसारखी. काका पायरीवर बसून डोळे पुसत होते. तिच्या दुकानावरची पाटी दिसत होती. सगळं जागच्या जागी होतं. ब्रशवरून काळा थेंब खाली पडला. दुसरा पडला.

"एक महिना," ती म्हणाली. "साहेब पुन्हा येऊन जाऊ दे. मग बघते तुमच्याकडे."

तिने डब्याला झाकण लावलं, ठोकून घट्ट केलं, आणि त्याच्या शेजारी खिडकीशी जाऊन उभी राहिली. त्याने रंधा जरासा सरकवून तिला जागा करून दिली. वळला मात्र नाही, आणि तिनेही त्याच्या तोंडाकडे बघायचं धाडस केलं नाही.

दिवस मावळायच्या बेताला धुक्यातून लेक आली. बातमी ऐकून धावतच आली असावी, गळपट्टा एका बाजूला लोंबत होता. काकांनी तिला वरच्या खिडक्या दाखवल्या. चौकटवाली काचेच्या अगदी जवळ गेली. कपाळ काचेला टेकवलं. लेकीची नजर एकेका खिडकीवरून फिरत कोपऱ्यात आली आणि थेट तिच्यावर थांबली.

"काका," लेक म्हणाली. आवाज काचेतूनही स्पष्ट येत होता. "बाबांच्या शेजारी आईला किती छान काढलंत..."

काका उठून उभे राहिले. "मी... मी त्या काचेवर एकालाच काढलं होतं गं."

लेकीने ते ऐकलं नसावं. ती मान तिरकी करून बघत होती, चित्राकडे बघतात तशी, थोडी पुढे, थोडी मागे. चौकटवालीने हात हलवला. काचेवर थाप मारली. लेकीच्या डोळ्यांत डोळे घालून ओठ हलवले, अगं, इकडे, ही मी.

"फक्त एक कळत नाही," लेक म्हणाली. "सगळे आपल्याकडे बघतायत, मग आईलाच तेवढी पाठमोरी का काढलीत?"