नसलेल्या बोटाचा ठोका

हे मी कुणाला पटवायला सांगत नाहीये. ज्यांनी ते ऐकलं त्यांतली निम्मी माणसं अजून जिवंत आहेत. त्यांना विचारलंत, तर ती विषय बदलतील. माझ्याकडे पुरावा म्हणाल तर तेवढाच.

तारीख २६ जुलै २००९. संत पारास्केवीची जत्रा. एपिरस या ग्रीक मुलुखाच्या डोंगरातलं आमचं गाव, चर्चसमोरचा चौक. वेळ दुपारी पावणेदोनची.

हो, दुपारची. भर उन्हातली.

रात्रीची वाट बघत असाल तर या गोष्टीत रात्र नाही.

माझं नाव हाइदो. माझे बाबा, झिसिस, क्लॅरिनेट वाजवायचे. आमच्या भागात क्लॅरिनेटवाल्याच्या सवडीनं लग्नाच्या तारखा ठरतात. बाबांना ते माहीत होतं. जरा जास्तच माहीत होतं.

त्यांच्या ताफ्यात चौघं. क्लॅरिनेटवर बाबा, व्हायोलिनवर माझे काका लाम्ब्रोस, तंतुवाद्यावर एक दूरचा भाऊ, आणि डफावर थिमिओस. थिमिओस बाबांपेक्षा वीसेक वर्षांनी मोठा. कायम बाबांच्या डाव्या बाजूला बसायचा. उजव्या हातानं मोठा ठोका द्यायचा. आणि डाव्या हातात डफ धरलेला असतानाच, त्याच हाताच्या अनामिकेनं एक बारीक ठोका.

टिक्.

एवढासाच. पण नाचणाऱ्यांचे पाय त्यावर उचलले जायचे.

२००४ साली बाबांनी त्याला काढलं. लोकांना आता ड्रम हवेत, डफ म्हाताऱ्यांचा झाला, असं त्यांचं म्हणणं. बरं, काढलं तेही कसं? एका लग्नात, मांडलेल्या टेबलांसमोर, माइक चालू असताना.

‘थिमिओस, आज तू बसून जेव.’

लोक हसले. थिमिओस बसला. जेवला. डफ पिशवीत घालून घरी गेला तो पुन्हा चौकात दिसला नाही. दोन हिवाळ्यांनी वारला. त्याला पुरलं त्या दिवशी बाबा पलीकडच्या गावात लग्नात वाजवत होते.

मग २००८चा नोव्हेंबर. आम्ही हिवाळ्यासाठी लाकडं कापत होतो. गोल करवत होती. मी ओंडके आणून देत होते, बाबा सरकवत होते. एका ओंडक्यात गाठ होती…

डाव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका, अशी दोन बोटं मुळापासून गेली. तिसरं कायमचं ताठ झालं.

डॉक्टर म्हणाले, हात वाचला. बाबांनी विचारलं, कशासाठी?

चार महिन्यांनी लाम्ब्रोसकाका घरी आले. आई माझी लहानपणीच गेली होती, म्हणून दारूचे पेले मीच ठेवले. काकांनी पेला उचललाच नाही. ताफ्यानं यानिना शहरातून नवा क्लॅरिनेटवाला घेतला होता, हे त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं. मग म्हणाले, ‘जत्रेला तू माइकवर बस. कुणी कुठलं गाणं मागितलं ते सांगायचं. लोक तुला मानतात, झिसिस.’

‘मानतात की कीव करतात?’

‘डफासकट चार वाद्यं आपली. तिघांना दहा बोटं लागतात.’

‘आणि चौथ्याला?’

काका हसले नाहीत. पण हसू दाबलं, आणि ते बाबांना दिसलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी शहरातून एक डफ आणवला. प्लास्टिकच्या कातड्याचा. दोन दिवस बडवला आणि अंगणात भिरकावला. पत्र्याचा डबा आहे, म्हणाले. वीस वर्षं डाव्या कानात एकच आवाज बसला होता, दुसरा चालेना.

थिमिओसचा तो डफ होता त्याच्या बायकोकडे, वांगेलिओकाकूंकडे. गावाच्या वरच्या अंगाला.

बाबांनी मला बरोबर नेलं. एकट्यानं जायची लाज वाटत होती.

वांगेलिओकाकूंनी आम्हाला बसा म्हटलं नाही. बाबांच्या हाताकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘शेवटच्या दिवसांत त्यानं तुझं नाव एकदाही घेतलं नाही. मला वाटलं होतं, शिव्या तरी देईल.’

बाबा खाली बघत म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही द्या.’

‘शिव्या?’

‘डफ.’

त्या द्यायला तयार झाल्या, पण एका अटीवर. डफ घराबाहेर जाणार नाही. रोज दुपारी चारला यायचं, पुढच्या खोलीत बसून वाजवायचं आणि निघायचं. असं का, ते त्यांनी सांगितलं नाही. बाबांनी विचारलं नाही.

रोज जायला लागलो. बाबा पुढच्या खोलीत दार लावून बसायचे. मी स्वयंपाकघरात काकूंबरोबर पालेभाजी निवडायची. आतून ऐकू यायचं ते अगदी वाईट होतं. ज्या माणसानं तीस वर्षं शेकडो लोकांना नाचवलं, त्याचा ठोका शाळेतल्या पोरासारखा धडपडत होता.

मग जरा वेळ शांत…

आणि तोच ताल पुन्हा. स्वच्छ. न चुकता.

टिक्.

मला वाटलं, बाबा भराभर शिकताहेत. शेवटी वाद्याचा माणूस!

तीन आठवड्यांनी घरी येताना मी कौतुकानं बोलले. ‘बाबा, दुसऱ्यांदा वाजवता ना, तेव्हा तो बारीक ठोका फार छान येतो.’

ते चालता चालता थांबले.

‘दुसऱ्यांदा म्हणजे?’

‘आधी चुकत वाजवता. मग नीट.’

‘मी एकदाच वाजवतो, हाइदो. नंतरची ती कॅसेट असते. वहिनी लावतात ना आत… त्याची जुनी.’

‘काकू माझ्यासमोर बसलेल्या असतात.’

आम्ही दोघांनीही त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. बारीक ठोका अनामिकेनं मारतात. तिथं नुसती शिवलेली कातडी होती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी काकूंना सरळ विचारलं. त्यांनी भाजीवरून मानही वर केली नाही.

‘या घरात कॅसेटचं यंत्र कधी नव्हतंच. तो गेल्यावरचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला, तेव्हापासून रोज चारला वाजवतो. मी ऐकते. कुणाला सांगितलं नाही, वेडी म्हणाले असते.’ मग बोटांतली माती पुसत म्हणाल्या, ‘मला वाटलं, तू आलास की रागानं तुझा गळा तरी धरेल. म्हणून तुला इथं बसवलं. तर तो तुला शिकवतोय. मेल्यावरही मूर्खच राहिला.’



मला वाटलं, बाबा आता पळतील. निदान क्षमा मागतील. त्या घराकडे तोंड करून दोन शब्द बोलतील.

त्यांनी फक्त विचारलं, ‘उद्या चारलाच येऊ ना?’

त्या दिवशी मला भुताची भीती वाटली नाही. बाबांची वाटली.

जुलैपर्यंत त्यांचा उजवा हात तयार झाला. बारीक ठोका मात्र त्यांना जमणं शक्यच नव्हतं. तो रोज दुसऱ्या खेपेला, त्यांनी हात बाजूला घेतल्यावरच यायचा. जत्रेला डफ द्या म्हणून त्यांनी काकूंच्या खूप विनवण्या केल्या. आठवडाभर नाही म्हणून अखेर त्या म्हणाल्या, एक दिवस. दिवेलागणीच्या आत परत.

तर, २६ जुलै.

पूजा आटोपली होती. चौकात टेबलं लागली होती. मटण, चीज, पालेभाजी भरलेल्या पोळ्यांची ताटं, सगळं मांडून झालं होतं. ताफा सावलीत बसला. बाबा डफ घेऊन आले तेव्हा काही जणांनी कोपरानं एकमेकांना ढोसलं. नवा क्लॅरिनेटवाला बाबांच्या खुर्चीत बसला होता. बाबा त्याच्या डाव्या बाजूला बसले.

आमच्याकडे जत्रेत आधी नाच होत नाही. आधी विलाप वाजतो, वर्षभरात गेलेल्यांसाठी आणि त्याआधी गेलेल्यांसाठीही. त्यात ताल नसतो. सूर नुसता ओढत जातो. डफाला काही काम नसतं. डफवाल्यानं मान खाली घालून बसायचं.

क्लॅरिनेट सुरू झालं. लोकांनी काटे-चमचे खाली ठेवले.

पोरंसुद्धा गप्प झाली.

आणि…

टिक्.

मी पहिल्याच टेबलाशी होते. चार हातांवर. बाबांचा उजवा हात मांडीवर पालथा होता. डाव्या हातानं डफ उभा धरला होता, अंगठा आणि उरलेली दोन बोटं. जिथं दोन बोटं नव्हती तिथून पलीकडचं ऊन दिसत होतं.

त्याच जागी डफाचं कातडं थरथरलं.

टिक्… टिक्…

लाम्ब्रोसकाकांचा गज तारेवरच थांबला. नव्या क्लॅरिनेटवाल्याचा सूर चिरकला, पण त्यानं सोडला नाही. बाबा डफाकडे बघत होते. दगडासारखे.

माझ्यामागच्या एका म्हातारीनं छातीवर क्रूस काढला. हळूच म्हणाली, ‘थिमिओस आलाय.’

कुणी पळालं नाही. कुणी ओरडलं नाही. आमच्याकडे विलाप मध्येच सोडून उठत नाहीत.

मग नाच सुरू झाला आणि बाबांनी असं वाजवलं की साठ वर्षांच्या बायका रांगेत उतरल्या. प्रत्येक मात्रेवर तो बारीक ठोका. लोक येऊन बाबांच्या खांद्यावर हात ठेवत होते. आणि प्रत्येक जण तेच म्हणत होता, अगदी थिमिओस! हुबेहूब थिमिओस!

झिसिस कुणी म्हटलं नाही. मी कान देऊन ऐकत होते.

दिवेलागण झाली. बाबांनी डफ परत केला नाही. उद्या देतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकूच आल्या. सव्वाचारला. उतारावरून धापा टाकत, काठी टेकत. दारातच उभ्या राहिल्या.

‘आज वाजलं नाही. घर गप्प झालंय, झिसिस. डफ दे.’

‘वहिनी, माझ्याकडे आता दुसरं काय आहे?’

‘माझ्याकडे दुसरं काय होतं?’

बाबांनी दार लावून घेतलं.

मी त्यांच्या मागेच उभी होते. बावीस वर्षांची, धडधाकट. कडी माझ्या हाताच्या अंतरावर होती. मी ती काढली नाही. काकू बराच वेळ तिथं होत्या. मग काठीचा आवाज चढावरून लांब गेला.

बाबा त्यानंतर तेरा वर्षं वाजवत राहिले. दूरदूरच्या गावांतून बोलावणी आली. पण घरात त्यांनी तो डफ कधी काढला नाही. कांबळ्यात गुंडाळून कपाटात. एकदा, मी यानिनात बेकरी सुरू केल्यावर, सुट्टीला घरी आले होते. तेव्हा विचारलं, अजून शिकवतो का तो?

‘शिकवणं त्या जत्रेलाच संपलं,’ बाबा म्हणाले. ‘आता तो वाजवतो. मी धरतो.’

आणि हसले. ते हसू मला अजून विसरता येत नाही.

२०२३च्या फेब्रुवारीत बाबा गेले. चाळिसावा दिवस उरकला आणि मी डफ घेऊन वांगेलिओकाकूंना शोधत गेले. त्या यानिनातच एका वृद्धाश्रमात होत्या. नव्वदीच्या. दिसत जवळजवळ नव्हतं, कान मात्र शाबूत.

मी डफ त्यांच्या मांडीवर ठेवला. माफी मागितली. त्यांनी माझ्या बोलण्याकडे लक्षच दिलं नाही. दोन्ही हातांनी डफ उचलला, कातड्याला कान लावला आणि डोळे मिटून बसल्या.

खोलीत काही आवाज नव्हता. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. तेही दूर गेलं.

मग काकूंच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. इतकं कोवळं की मला रडू फुटायला आलं.

आणि ते हसू तिथंच विझलं.

‘हा थिमिओस नाही,’ त्या म्हणाल्या.

मी कातड्याकडे पाहिलं. ते हलत नव्हतं.

‘हा चुकतोय. उजवा ठोका बरोबर, आणि पुढचा रिकामा. पुन्हा रिकामा.’ त्या ऐकत राहिल्या. ‘हा तुझा बाप आहे. मेल्यावरही बोटं परत मिळत नाहीत वाटतं.’

‘मग थिमिओसकाका कुठं आहेत?’

‘ते तुझ्या बापाला विचार.’

त्यांनी डफ माझ्याकडे ढकलला. मी घेतला. मीही कातड्याला कान लावला. घट्ट. श्वास धरून. जुन्या कातड्याचा वास आला, माझंच रक्त कानात वाजलं…

बाकी काही नाही. काहीच नाही. मी बाबांची एकुलती एक मुलगी.

काकूंनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं.

‘ऐकतेस ना?’

मी म्हटलं, हो.