रुमालाखालची पाच बोटं

"रुमालाखाली हात घालू नकोस, सिंधू. तिथं माणूस काय घ्यायला जातं नि काय घेऊन येतं, त्याचं त्याला कळत न्हाय," द्वारकाआत्यांनी टांग्यातच बजावलं होतं. त्यांचे थोरले दीर म्हणे बैल आणायला गेले नि घोडं घेऊन परतले. सिंधूनं ते हसण्यावारी नेलं. कॉलेजात शिकलेली मुलगी ती; तिला ना बैल हवा होता, ना घोडं. तिला एक पोथी हवी होती.

बारामतीतले एक जुने वकील वारले, आणि मुलांनी त्यांची सगळी पुस्तकं लिलावात काढली. पुस्तकांचा लिलाव कसा करतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून गुळाच्या बाजारातले दलाल सोनबा यांना बोलावलं. सोनबांनी गुळाच्या ढेपा लावाव्यात तसे पुस्तकांचे ढीग लावले, तराजूवर तोलून, अगदी सारख्या वजनाचे. बोलीसुद्धा बाजारातलीच. रुमालाखाली हात घालायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. पाचही बोटं आवळली की सौदा पक्का.

पहिल्या ढिगावर सिंधूला ती दिसली. शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापलेली, सुट्या पानांची बागकामाची पोथी. तिच्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी, लहानपणी मामाच्या घरी अक्षरं गिरवली ती हिच्यावर. इंदापूरची डाळिंबाची बाग सांभाळता सांभाळता जुनी पुस्तकं जमवणारे आप्पासाहेब वीस वर्षं हीच शोधत होते. "शेवटच्या पानावर पोपट आहे," ते सांगायचे. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा येत चालला होता. डोळे पुरते मिटायच्या आत त्यांना तो पोपट दाखवायचा, एवढंच सिंधूच्या मनात होतं.

पण सोनबांनी कानाला हात लावला. बाईमाणसाचा हात रुमालाखाली घेतला तर बाजारात उभं राहता यायचं नाही, कुणातरी गड्याला पुढं करा, म्हणाले.

गडी जवळच उभा होता. उंच, सावळा, सायकल चालवून धुळीनं माखलेला. कळसचा कुंडलिक, गावातल्या वाचनालयासाठी पुस्तकं घ्यायला आला होता. माझा डोळा दुसऱ्या ढिगावर आहे, तेव्हा तुमची बोली मी लावतो, असं त्यानं आपणहून सांगितलं आणि उपरण्याचा पदर हातावर टाकून हात पुढं केला.

सिंधूनं आत्यांकडे पाहिलं. आत्या टांगेवाल्याशी भाड्यावरून वाद घालत होत्या. तिनं हळूच दोन बोटं दाबली...

"जरा दाबून सांगा," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "फुलपाखरू बसल्यावानी केलं तर भाव कसा कळायचा?"

"कळला नसेल तर दुसरं कुणी बघते."

"कळला की. पुन्हा एकदा सांगितला तर बिघडतं का, एवढंच इचारलं."

तिनं पुन्हा सांगितला. चांगला जोरात. तो हसला, आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

पहिला ढीग तिला मिळाला, दुसरा त्याला. दोघंही मनातून खूश, कारण दोघांनाही वाटत होतं की पोथी आपल्याच ढिगात आहे. ओसरीवर बसून दोघांनी गठ्ठे सोडले तेव्हा उलगडा झाला. तराजू सारखा होईना, म्हणून सोनबांनी पोथीची निम्मी पानं उचलून दुसऱ्या पारड्यात टाकली होती. तीस पानं तिच्याकडे, तीस त्याच्याकडे. पोपट त्याच्याकडे.

सिंधूचा चेहरा पडला. आप्पासाहेबांच्या डोळ्यांचं तिनं कसंबसं सांगितलं. कुंडलिक बराच वेळ पानं चाळत राहिला. मग म्हणाला, "वाचनालयासाठी मी उतरवून घेतो. चित्रासकट. एका पानाला आठवडा लागंल. मूळ पान दर रविवारी आणून देतो... चालंल?"

दर रविवारी सायकल यायची. आप्पासाहेब भिंगातून पान वाचायचे, कुंडलिक अडलेला शब्द सांगायचा, आणि चहाचा कप सिंधूच्या हातून त्याच्या हातात जायला उगाच वेळ लागायचा. कॉलेजात चहात साखर घालायला शिकवत न्हाईत वाटतं, तो म्हणायचा. गोड बोलणाऱ्याला साखर कशाला, ती म्हणायची. एकोणतीस रविवार असे गेले.

तिसाव्या रविवारी तो रिकाम्या हातानं आला. शाई संपली, म्हणाला. पुढच्याही रविवारी तेच.

"शाई संपली का धीर?" आप्पासाहेबांनी हसत विचारलं. पण त्याच आठवड्यात त्यांनी डाव्या डोळ्याला भिंग लावायचं सोडून दिलं. सिंधूनं ते पाहिलं होतं. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

त्या पुढच्या रविवारी तिनं त्याला बागेच्या फाटकाशीच अडवलं.

"पान कुठं आहे?"

त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशातून घडी न पडू दिलेलं पान काढलं. तीन रविवार ते तिथंच होतं.

"आप्पांचा एक डोळा गेला," ती म्हणाली. "आणि तुम्ही पान छातीशी धरून फिरताय."

तो खाली बघू लागला. "चुकलं माझं. पर हे दिलं की... फुडच्या रविवारी काय म्हणून येऊ?"

सिंधू रागावलीच होती. तरी तिनं त्याच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, हातावर टाकलं आणि त्याखाली त्याची बोटं धरली. एक नाही, दोन नाही. पाचही, घट्ट.

त्यानं दुसऱ्या हातानं पान तिच्यापुढं धरलं.

"भाव कळला का?" तिनं विचारलं.

"व्हय... पर पुन्हा एकदा सांगितला तर बिघडतं का?"

आप्पासाहेबांनी पान उन्हात धरलं, उजवा डोळा बारीक केला. "केवढासा आहे गं हा. मला आठवत होता मोराएवढा." आणि ते हसले, डोळे पुसत. आत्या माजघरातून म्हणाल्या, "मी टांग्यातच सांगितलं होतं."

आता पोथी पुरी साठ पानांची झाली आहे, आणि सिंधूची लेक अकरा महिन्यांची. दिसेल ते पान तोंडात घालते, म्हणून पोथी उंच फळीवर असते. सिंधूला रोज नवी धास्ती. कधी फळी पडेल याची, कधी लेकीच्या खोकल्याची. पण जिवाला सुख आहे.

एक मात्र तिच्या मनाला लागून राहिलंय. बाजारात आता बोली उघड्यावर, तोंडानं होते. ज्यांच्या तराजूनं पोथीची वाटणी करून दोघांची गाठ घातली, त्या सोनबांचा रुमाल गेला, काम गेलं, आणि ते कळंबला एकटेच राहतात. पोरीला थंडीचं एसटीतून न्यायचा तिला धीर होत नाही, आणि कुंडलिक उसाच्या तोडीत अडकलाय. तेव्हा तुम्ही कधी कळंबकडे गेलात तर एवढं करा. सोनबा जेवले का, औषध घेतात का, ते बघून या. सिंधूचं नाव सांगायची गरज नाही. फक्त त्यांचा हात हातात घ्या आणि पाचही बोटं आवळा. सौदा पक्का झाला, एवढं त्यांना कळेल.