ब्रेकवाली आणि भूलतज्ज्ञ

गाडी दिसायच्या आधी तिला ऐकू आली. कोपऱ्यावरून असा चिरका आवाज आला, की समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवून बाहेर डोकावलं. मग एक छोटी लाल गाडी दुकानापुढं येऊन उभी राहिली आणि आतून एक उंच माणूस ओशाळं हसत उतरला.

ती काउंटरमागून बाहेर आली. दुकान वडिलांचं होतं. इंजिनाचं काम ते बघत, चाकांकडचं ती. इंजिनिअर झाल्यावर दुसरीकडं नोकरी करून बघितली, करमलं नाही, परत आली. सगळी गल्ली तिला 'ब्रेकवाली' म्हणायची आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे.

"रेसचे ब्रेक-पॅड बसवलेत," ती म्हणाली.

"आवाजावरून ओळखलंत?"

"मीच काय, गल्लीनं ओळखलं. कुणी दिले?"

"मीच मागवले. सगळ्यांत भारी कुठले ते बघून." तो जरा घुटमळला. "आज सकाळी पहिल्या वळणावर गाडी थांबेचना... म्हणजे थांबली, पण ब्रेकवर अक्षरशः उभं राहावं लागलं."

"थंड असताना ते धरत नाहीत. चांगले तापले की जागे होतात."

"माझ्या पेशंटांच्या अगदी उलट."

"म्हणजे?"

"मी भूलतज्ज्ञ आहे. माझ्याकडं येताना सगळे टक्क जागे असतात."

तिला हसू फुटलं. आत वडिलांचा पाना वाजायचा थांबला.

मग तिनं त्याला एका स्टुलावर बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. हॉस्पिटल कुठं? टेकडीवर, सगळा वळणांचा रस्ता. वेगानं चालवता? सकाळी रस्ता मोकळा असतो, मग... हो. आणि रेसचा ट्रॅक? वर्षातून तीनचारदा, हौस म्हणून. तिथंही हीच गाडी, आणि हीच चालवत परत घरी.

"बरोबर पॅड वेगळे नेऊन तिथं बदलणार का?"

"मला चाक बदलता येतं. त्यापुढं माझी मजल नाही."

"मग एकच पॅड, दोन्हीकडं." तिनं शेल्फवरून एक खोका काढला. "लोक विचारतात, गाडी सुसाट असताना काय होईल? मी उलटीकडून बघते. सकाळची वेळ, गाडी गार, आणि वळणावर अचानक कुणीतरी आडवं आलं... तेव्हा काय होईल? तिथं जे धरतात, त्यांतले जास्तीत जास्त उष्णता सोसणारे घ्यायचे. हे तसे आहेत."

"आणि ट्रॅकवर?"

"दमतील. तापल्यावर पकड ढिली वाटायला लागली की एक फेरी सावकाश मारायची, ब्रेकला हात... पाय न लावता. गार झाले की पुन्हा."

"म्हणजे तडजोड."

"तडजोड म्हणा. पण रोज घरी पोचाल."

तो पुन्हा हसला. हसताना तो आधी खाली बघायचा आणि मग एकदम समोर. त्या समोर बघण्यानं तिच्या तोंडचं वाक्य तुटलं. पुढं काय विचारायचं होतं ते काही केल्या आठवेना, म्हणून तिनं जॅक ओढला आणि कामाला लागली.

पॅड ज्यांना धरतात त्या चाकांच्या डिस्क घासून साफ झाल्या, पॅड बसले. पण नवे पॅड नुसते बसवून भागत नाही, ते चालवून मुरवावे लागतात. गिऱ्हाइकांना ती हे तोंडी सांगून वाटेला लावायची. आज मात्र ती बाजूच्या सीटवर जाऊन बसली. वडिलांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

गोदामांच्या मागचा सरळ रस्ता रिकामा होता. "वेग घ्या... आता दाबा, अजून... बस्स! थांबायचं नाही. पुन्हा वेग."

"थांबलं तर काय होतं?"

"गरम पॅड एकाच जागी चिकटतो. मग जन्मभर गाडी ब्रेक लावताना थरथरते. दोघांची नीट ओळख व्हावी लागते, पॅडची आणि डिस्कची."

"किती वेळ लागतो ओळख व्हायला?"

"अर्धा तास."

"पॅडला ना? आणि—"

"पुढं बघा," ती म्हणाली. तिचे कान तापले होते, आणि पॅड तर अजून कोमटच होते.

त्यानंतर त्या लाल गाडीला रोज नवं दुखणं व्हायला लागलं. वायपरचं रबर. मागचा दिवा. सीटखाली कसलासा आवाज, जो तिला कधीच आला नाही. तो हॉस्पिटलमधून थकून यायचा, स्टुलावर बसायचा, वडिलांशी इंजिनांच्या गप्पा मारायचा, आणि बघायचा मात्र तिच्याकडं.

"या डॉक्टरच्या गाडीत अजून काय बदलायचं राहिलंय?" एकदा वडिलांनी विचारलं.

"मला काय माहीत, बाबा."

"हं," वडील म्हणाले. "मग मलाच माहीत असेल."

ट्रॅकच्या दिवशी दुपारी फोन आला. "मी ठीक आहे, हे आधी सांगतो," त्याचा आवाज अगदी शांत होता. "ब्रेक गेला. पाय थेट तळाला. सुदैवानं समोर नुसती खडी होती."

तिच्या हातातला पाना काउंटरवर पडला. वडिलांनी काही न विचारता व्हॅनची किल्ली पुढं केली.

वाटभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: पॅड मी निवडले. अवजारं, नवे पॅड, ब्रेक ऑइलचे डबे, दिसेल ते तिनं मागं कोंबलं होतं. ट्रॅकच्या शेडखाली लाल गाडी उभी होती. बंपर एका बाजूनं लोंबत होता, जाळीत खडी अडकलेली. तो बाजूला टायरवर बसला होता. तिनं त्याची मान बघितली, हात बघितले, बोटं हलवून दाखवायला लावली.

"डॉक्टर मी आहे," तो म्हणाला.

"गप्प बसा."

तिनं चाक काढलं. पॅड उत्तम होते. सारखे झिजलेले, कडा शाबूत. मग तिनं आत वाकून ब्रेक हातानं दाबला, तर तो स्पंजासारखा आत गेला. तिनं बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं. आत ऑइल कसलं, काळपट चहासारखं पाणी.

"हे कधी बदललं होतं?"

त्यानं बराच विचार केला. "गाडी घेतल्यापासून... नाही बहुतेक. बदलतात का?"

ती तिथंच काढलेल्या चाकावर बसली. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पीत राहतं. रोजच्या रस्त्यावर कळत नाही. ट्रॅकवर मात्र तापून उकळतं, नळीत वाफ होते आणि पाय दाबला की ती वाफच दबते, गाडी थांबत नाही. हे तिनं त्याला सरळ सांगितलं. "पॅडचा दोष नाही. माझा आहे. मी विचारलं नाही."

"मीही सांगितलं नाही."

"तुम्हाला माहीतच नव्हतं. विचारणं माझं काम." ती उठली. "चाकं गार झालीत. आत बसा. जुनं ऑइल काढायला दोघं लागतात. मी सांगेन तसं दाबायचं, धरायचं, सोडायचं."

तिनं वरून नवं ऑइल ओतलं आणि मागच्या चाकापासून सुरुवात झाली. ती खाली, पाना आणि नळी घेऊन, नळीचं टोक बाटलीत. तो आत, पाय ब्रेकवर. एकमेकांची तोंडं दिसत नव्हती.

"दाबा... धरा." तिनं चाकामागचा नट सैल केला, नळीतून काळं ऑइल आणि बुडबुडे धावले. नट पुन्हा आवळला. "सोडा."

"एक विचारू?" वरून आवाज आला.

"दाबा. विचारा."

"सगळ्यांना विचारता हा ऑइलचा प्रश्न?"

"धरा... प्रत्येकाला. आजवर एकही गिऱ्हाईक सुटलेलं नाही. सोडा."

"मग मीच कसा सुटलो?"

ती नळी घेऊन दुसऱ्या चाकाकडं सरकली. दुसरं चाक झालं. पुढचं तिसरं सुरू झालं. वाऱ्यानं शेडचा पत्रा खडखडत होता. समोर कुणाचा चेहरा नाही, हात कामात, तेव्हा बोलणं तिला सोपं वाटलं.

"तुम्ही हसलात तेव्हा," ती म्हणाली. "अगदी तोच प्रश्न तोंडावर होता. तुम्ही हसलात आणि... गेला. नंतर रोज येत होतात, तरी आठवला नाही. मला तुमच्या गाडीकडं बघायचंच सुचत नव्हतं. आणि त्यापायी आज तुम्ही..." तिनं पाना पुन्हा नटावर बसवला. "दाबा."

 ब्रेक दाबला गेला.

"भूल द्यायचं काम माझं," तो म्हणाला. "आजवर कधी बिना औषधाची दिली नव्हती."

"मस्करी नका करू. मी वाटभर रडत आलेय."

"मस्करी नाही." आवाज बदलला होता. "गाडी खडीत घुसली ना, तेव्हा मला पहिलं काय वाटलं सांगू? हिला वाटेल, हिचं चुकलं. हिला आधी कळवायला हवं, की मी ठीक आहे. आईला अजून फोन केलेला नाही मी. तुम्हाला आधी केला."

पाना तिच्या हातात तसाच राहिला. नळीतून आता स्वच्छ, सोनेरी ऑइल येत होतं, एकही बुडबुडा नाही. तिनं नट आवळला.

"शेवटचं चाक," ती म्हणाली. "दाब."

वर सीट करकरली.

"काय म्हणालीस?"

"दाब म्हणाले. आणि धर."

"धरलंय."

काम संपलं. तिनं ऑइल भरून झाकण लावलं, त्याला ब्रेक पुन्हा दाबायला लावला, दगडासारखा घट्ट. मग तिनं हातमोजे काढले, ती दाराशी आली आणि तिथंच उभी राहिली. त्याचा पाय अजून ब्रेकवर होता.

"आता सोड," ती म्हणाली.

त्यानं ब्रेक सोडला आणि तिचा हात धरला.

"आईला फोन कर आधी," ती म्हणाली. हात मात्र तिनं काढून घेतला नाही.

त्यानं डाव्या हातानं फोन लावला. "आई, मी ठीक आहे. हो, येतोय... सावकाश येतो." त्यानं तिच्याकडं पाहिलं. "नाही, एकटा नाही."